एचएसएफएम : टाइप कुठवर राखण करतात

काही वर्षांपूर्वी एका चित्रमय फाइल मॅनेजरमधून मी एक जुने फोल्डर कायमचे काढून टाकले. त्या फोल्डरात मीच कधीतरी तयार करून विसरलेली एक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद, होती आणि ती माझ्या छायाचित्रांच्या मूळ फोल्डरकडे जात होती. प्रोग्रॅमने ती सिमलिंक काढून पुढे जायला हवे होते. त्याऐवजी तो तिच्यातून पलीकडे उतरला आणि तिथली छायाचित्रे एकेक करून पुसत गेला. माझा शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता. त्या प्रोग्रॅमचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण ही चूक अनेकांनी केलेली आहे. एखादी नोंद डिरेक्टरी (फोल्डर) आहे का, हे 'स्टॅट' या सिस्टिम कॉलला (ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम सोपवणाऱ्या हाकेला) विचारले तर तो सिमलिंकच्या पलीकडे पाहून उत्तर देतो आणि 'एलस्टॅट'ला विचारले तर तो सिमलिंकविषयीच बोलतो. एका अक्षराचा हा फरक ज्याच्या नजरेतून सुटतो त्याची फाइल जात नाही, वापरणाऱ्याची जाते.

तेव्हापासून कोणताही फाइल मॅनेजर हाती आला की तो फाइल काढतो कशी, हलवतो कशी आणि अर्ध्यावर अडला तर काय करतो, एवढेच मी आधी पाहतो. हॅस्केल या फंक्शनल भाषेत लिहिलेला आणि खिडक्या-बटणे पुरवणाऱ्या जीटीके ३ या लायब्ररीवर उभा असलेला एचएसएफएम हा फाइल मॅनेजर मी याच दृष्टीने वाचायला घेतला. वाचायला हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण खिडक्या आणि बटणे यांत या प्रोग्रॅमचे वेगळेपण फारसे नाही. त्याच्या घोषित उद्दिष्टांत टाइपची सुरक्षितता (कोणते मूल्य कोणत्या प्रकारचे आहे हे प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासणे) आणि प्रत्यक्ष चालतानाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत, आणि त्या साधण्यासाठी पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, हाताळणारी 'एचपाथ' व फाइलींवरील क्रिया करणारी 'एचपाथ-आयओ' अशा दोन लायब्ऱ्या त्याच्या सोबतीने आकाराला आल्या. हे परीक्षण मुख्यत्वे त्या पायाचे आहे.

सुरुवात पाथपासून करावी लागते. पॉझिक्स पद्धतीच्या (लिनक्ससारख्या) प्रणालीत फाइलचे नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ असते. तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढे दोन सोडले तर त्या माळेत काहीही चालते, आणि ते कोणत्या लिपीत किंवा कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे याच्याशी कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, कर्तव्य नसते. हॅस्केलचा परंपरागत पाथ मात्र अक्षरांची यादी म्हणून लिहिला जातो, त्यामुळे डिस्कवरून येणारे प्रत्येक नाव आधी त्या क्षणीच्या लोकेलनुसार (भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगनुसार) अक्षरांत वाचले जाते आणि परत जाताना पुन्हा बाइटांत उतरते. न वाचता येणारे बाइट सांभाळून नेण्याची युक्ती कंपायलरसोबतच्या लायब्ररीत आहे खरी, पण तेच नाव एखाद्या यादीत लिहून ठेवले आणि नंतर वेगळ्या लोकेलखाली वाचले की ती युक्ती पुरत नाही. एचपाथ हा सगळा प्रवासच टाळते. तिच्यात पाथ बाइटस्ट्रिंग म्हणूनच राहतो, आणि अक्षरांत रूपांतर करायचे झाले तर ते पडद्यावर दाखवण्यापुरतेच करावे लागते.

देवनागरी नावे वापरणाऱ्यांना हा मुद्दा पुस्तकी वाटू नये. 'तऱ्हा' या शब्दातला 'ऱ' युनिकोडमध्ये एका स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही समतुल्य आहेत, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्यामुळे लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर एकाच फोल्डरात 'तऱ्हा' नावाच्या दोन फाइली सुखाने नांदू शकतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावे विघटित रूपात साठवत असे, म्हणून तिथून आणलेल्या फाइलींमध्ये अशी जोडी सहज तयार होते. पाथ परस्पर 'शुद्ध' करून घेणारा फाइल मॅनेजर यांपैकी एक फाइल दुसरीवर लिहून मोकळा होईल. बाइट जसेच्या तसे ठेवणारा निदान ती चूक करणार नाही. मात्र सारख्या दिसणाऱ्या दोन नावांतला फरक वापरणाऱ्याला दाखवायचा कसा, हे काम उरतेच आणि ते खिडकीचे आहे, लायब्ररीचे नाही. येथेच आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो: लिनक्सवर नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइटांची असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्त धरून एकूण ८५ संकेतांतच नाव संपते. नाव बदलण्याच्या चौकटीत अक्षरे न मोजता बाइट मोजणारा फाइल मॅनेजर मला अजून भेटायचा आहे.

दुसरी गोष्ट जोडणीची. हॅस्केलच्या नेहमीच्या फाइलपाथ लायब्ररीत '/घर/टिपणे' या पाथला '/जुने' हा पाथ जोडला, तर उत्तर '/जुने' असे येते; दुसरा पाथ मुळापासून सुरू होत असल्यामुळे पहिला सरळ टाकून दिला जातो. हे वर्तन दस्तऐवजात नोंदलेले आहे आणि इतर भाषांतही आढळते, पण जिथे दुसरा भाग वापरणाऱ्याने टंकलेला असतो तिथे ते घातक ठरते, कारण आपण टिपणांच्या आत काहीतरी काढत आहोत अशा समजुतीत प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी पोहोचतो. एचपाथमध्ये मुळापासूनचा पाथ आणि सापेक्ष पाथ यांना वेगवेगळे टाइप आहेत आणि जोडणीच्या क्रियेला उजवीकडे सापेक्ष पाथच लागतो. चुकीची जोडणी लिहिली तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. बाहेरून आलेला मजकूर आधी तपासून टाइपमध्ये आणावा लागतो, आणि ती तपासणी फसली तर त्याचे काय करायचे हे लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे ठरवावे लागते. फंक्शनल शैलीचे फायदे सांगताना लोक बरेच मोठे बोलतात. मला विचाराल तर हा एक छोटा नियम त्या सगळ्या बोलण्याहून मोलाचा आहे.

तरीही या लायब्ररीवर माझा विश्वास बसला तो तिने टाइपमध्ये काय घातले यापेक्षा काय घातले नाही, यामुळे. एचपाथ ही 'पाथ' नावाच्या आधीच्या लायब्ररीतून फुटून निघाली. त्या मूळ लायब्ररीत पाथ मुळापासूनचा आहे की सापेक्ष, याच्या जोडीने तो फाइलचा आहे की डिरेक्टरीचा, हेही टाइपमध्येच लिहिलेले असते. वरवर पाहता हे अधिक कडक आणि म्हणून अधिक सुरक्षित वाटते. पण पाथ डिरेक्टरीकडे जातो की फाइलकडे, हे पाथच्या अक्षरांत नसते. ते डिस्कवर असते, आणि डिस्क आपल्या प्रोग्रॅमच्या एकट्याच्या मालकीची नसते. टाइप तपासून झाला त्या क्षणाला डिरेक्टरी असलेली वस्तू पुढच्या क्षणाला दुसऱ्या कोणी सिमलिंकने बदललेली असू शकते. म्हणून एचपाथने ही माहिती पाथच्या टाइपमधून काढून टाकली आणि तो प्रश्न प्रत्यक्ष फाइलींना हात लावणाऱ्या भागाकडे सोपवला. 'पाथ'च्या बाजूनेही बोलता येईल. कॉन्फिगरेशनच्या फाइली वाचणाऱ्या प्रोग्रॅमला आपला हेतू टाइपमध्ये लिहून ठेवण्याची सोय उपयोगीच पडते. फाइल मॅनेजरचे तसे नसते, कारण दुसऱ्यांनी बदललेले जग पाहणे हेच त्याचे काम असते. म्हणून मला एचपाथचा निर्णय योग्य वाटतो.

डिस्कवरून वाचून झाल्यानंतर मात्र एचएसएफएम माहितीची काटेकोर वर्गवारी करतो. त्याच्या फाइल या टाइपला डिरेक्टरी, साधी फाइल, सिमलिंक, ब्लॉक डिव्हाइस, कॅरॅक्टर डिव्हाइस, नेम्ड पाइप आणि सॉकेट (हे शेवटचे दोन म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलण्याचे मार्ग) अशा सात शाखा आहेत. सिमलिंकच्या शाखेत ती कुठे जाते याचा मूळ मजकूर आणि पलीकडची वस्तू अस्तित्वात असेल तर ती, अशा दोन्ही गोष्टी सोबत असतात, त्यामुळे तुटलेली सिमलिंक ही अपवादात्मक भानगड न राहता नेहमीच्या मांडणीतली एक शक्यता होते. या टाइपवर चालणारे फंक्शन लिहिताना एखादी शाखा राहून गेली, तर इशारे चालू ठेवलेला कंपायलर ते दाखवून देतो. काढण्याच्या क्रियेचा नियमही निःसंदिग्ध आहे: डिरेक्टरी असेल तर तिच्या आतले सर्व काही काढायचे, सिमलिंक असेल तर केवळ सिमलिंक काढायची. माझी छायाचित्रे या नियमाखाली वाचली असती.

प्रोग्रॅमच्या आतल्या मांडणीत मला आणखी एक गोष्ट आवडली. कॉपी करणे, हलवणे, काढणे या क्रिया तिथे थेट घडत नाहीत. आधी त्यांचे वर्णन करणारे मूल्य तयार होते आणि ते चालवण्याचे काम वेगळे फंक्शन करते. वापरणाऱ्याने फाइली निवडून कॉपी म्हटले, पण कुठे ठेवायच्या ते अजून सांगितलेले नाही, या मधल्या अवस्थेलाही स्वतंत्र रूप दिलेले आहे. त्यात स्रोत असतात, गंतव्य नसते. इतर अनेक प्रोग्रॅममध्ये ही अवस्था रिकाम्या गंतव्याच्या रूपाने साठवलेली असते, आणि रिकाम्या गंतव्याला चुकून चालू डिरेक्टरी समजले की काय होते ते अनुभवी वाचकांना सांगायला नको.

कॉपी करताना गंतव्यावर आधीच काही असेल तर काय करायचे, हे एचपाथ-आयओ वापरणाऱ्याकडून स्पष्टपणे विचारून घेते. 'स्ट्रिक्ट' म्हटले तर आधीची वस्तू सापडताच क्रिया थांबते, 'ओव्हरराइट' म्हटले तर ती बदलली जाते. एखादे मोठे फोल्डर कॉपी होत असताना मध्येच चूक झाली तर लगेच थांबायचे की पुढे जात राहून झालेल्या सर्व चुका शेवटी एकत्र कळवायच्या, हाही स्वतंत्र पर्याय आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. हजारो फाइलींपैकी तीन वाचता आल्या नाहीत, तर त्या कोणत्या तीन, हे कळणे म्हणजेच कॉपी विश्वासार्ह असणे. 'काही फाइली कॉपी झाल्या नाहीत' एवढेच सांगणारी चौकट ही माहिती नव्हे, चिंता आहे. फोल्डर स्वतःच्याच पोटात कॉपी करण्याचा प्रयत्नही आधी ओळखून नाकारला जातो. ही तपासणी सगळ्यात वरच्या फोल्डरपुरतीच होते, प्रत्येक पातळीवर होत नाही, कारण तशी केल्यास वेग फार कमी होईल, असे दस्तऐवज कारणासह सांगतो.

या दस्तऐवजाविषयी थोडे थांबून लिहायला हवे. बहुतेक क्रियांच्या वर्णनाखाली सुरक्षिततेविषयीच्या शंका असा एक स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात लेखकाने आपल्याच फंक्शनची उणी बाजू मांडलेली आहे. ही क्रिया अखंड नाही, म्हणजे ती एका दमात पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही अशी हमी नाही. ती अनेक सिस्टिम कॉल मिळून होते. टाइप तपासणे आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये दुसऱ्या कोणी त्याच फाइलींना हात लावला तर काय होईल ते सांगता येत नाही, असे तो सरळ लिहितो. आमच्या भाषेत प्रोग्रॅम तयार झाला म्हणजे तो बरोबर आहे, अशी फुशारकी हॅस्केलच्या वर्तुळात अधूनमधून ऐकू येते. फाइल सिस्टिमच्या उंबऱ्यावर ती फुशारकी सोडावी लागते, आणि या लेखकाने ती सोडलेली आहे.

प्रांजळपणाचे कौतुक केले म्हणून उणिवा माफ होत नाहीत. साधी फाइल कॉपी करणारे खालच्या पातळीचे फंक्शन फाइलचा प्रकार तपासत नाही, आणि नेम्ड पाइप दिला तर ते अनंतकाळ अडकून राहते, असे दस्तऐवजातच लिहिले आहे. वरच्या पातळीची सोयीची फंक्शने डिव्हाइस, पाइप आणि सॉकेट वगळून पुढे जातात. वगळण्याला माझी हरकत नाही, पण वगळल्याचे कळवायला हवे. चुका गोळा करून देण्याची इतकी चांगली व्यवस्था हाताशी असताना 'या वस्तू मी घेतल्या नाहीत' एवढी यादी परत देणे जड नव्हते. अडकण्यावरचा उपायही परिचित आहे. फाइल न थांबता आणि सिमलिंक न ओलांडता उघडावी, मग उघडून हाती आलेल्या डिस्क्रिप्टरलाच (उघडलेल्या फाइलसाठी प्रणालीने दिलेल्या क्रमांकालाच) त्याचा प्रकार विचारावा आणि साधी फाइल नसेल तर बंद करून परत फिरावे. पाथला विचारलेला प्रश्न उत्तर येईपर्यंत शिळा होऊ शकतो. डिस्क्रिप्टरला विचारलेला होत नाही, कारण नाव बदलले तरी हातातली वस्तू तीच राहते.

हाच दोष पुन्हा काढण्याच्या आणि नाव बदलण्याच्या क्रियांत दिसतो. फोल्डर आतपर्यंत काढत जाताना प्रत्येक पायरीला पूर्ण पाथ नव्याने वापरला, तर मधले एखादे फोल्डर कोणी सिमलिंकने बदलल्यास कर्नल मुकाट्याने त्या सिमलिंकमधून जातो. पालक डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर धरून ठेवून त्याच्या सापेक्ष उघडणारे आणि काढणारे 'ओपनअ‍ॅट', 'अनलिंकअ‍ॅट' हे कॉल यासाठीच पॉझिक्समध्ये आहेत. नाव बदलताना गंतव्य रिकामे असल्याची खात्री आधी करून घेतली जाते, पण त्या खात्रीनंतर आणि बदलापूर्वी तिथे नवी फाइल आली तर मूळ 'रिनेम' तिला न विचारता बाजूला सारतो. लिनक्समध्ये २०१४ सालच्या ३.१५ या आवृत्तीपासून 'रिनेमअ‍ॅट२' या कॉलला गंतव्य असल्यास नकार देण्याचा पर्याय आहे. फाइल सिस्टिम तो मानत असेल तर तपासणी आणि बदल एकाच कॉलमध्ये होतात आणि मधली फटच उरत नाही. अर्थात असा पर्याय सगळ्या प्रणालींवर सारखा मिळत नाही, आणि केवळ पॉझिक्ससाठी असलेल्या लायब्ररीलाही तेवढा विचार करावाच लागतो.

ओव्हरराइट पद्धतीविषयी माझी नाराजी अधिक आहे. तीही अखंड नाही, म्हणजे कॉपी अर्ध्यावर असताना वीज गेली किंवा डिस्क भरली तर जुनी फाइल गेलेली आणि नवी अपुरी, अशी अवस्था उरू शकते. त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहावी, ती डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून घ्यावी आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी आणावी, हा मार्ग संपादक आणि डेटाबेस लिहिणारे वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. एकाच फाइल सिस्टिममधले नाव बदलणे अखंड असते, म्हणून पाहणाऱ्याला एकतर जुनी फाइल दिसते किंवा नवी, मधले काही दिसत नाही. फाइल मॅनेजरने हा मार्ग पर्याय म्हणून तरी द्यायला हवा होता. वेगळ्या फाइल सिस्टिमवर हलवताना आधी कॉपी आणि मग काढणे हा क्रम इथेही आहे. तो बरोबर आहे, कारण मध्ये अडथळा आला तर दोन प्रती उरतील, शून्य नाही.

कचरापेटी आणि मागे फिरणे या दोन्ही गोष्टी एचपाथ-आयओच्या कक्षेबाहेर आहेत. मला हे खटकते. वापरणाऱ्याच्या हातून होणारी चूक ही टाइपमध्ये पकडता येत नाही; त्याने भलतेच फोल्डर निवडले तर कंपायलर त्यात काय करणार? लिनक्सच्या डेस्कटॉप प्रणालींनी कचरापेटीसाठी समान नियम ठरवलेले आहेत, त्यात फाइल हलवून तिच्या मूळ जागेची आणि काढण्याच्या वेळेची नोंद शेजारी ठेवली जाते. क्रिया मूल्यांच्या रूपात मांडणाऱ्या या प्रोग्रॅममध्ये तशी नोंद ठेवणे स्वाभाविक होते.

फाइल वाचण्याच्या बाबतीत एक जुनी हॅस्केली खोड येथे टाळलेली आहे, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. भाषेसोबत येणारे फाइल वाचण्याचे सोपे फंक्शन आळशी आहे. ते मजकूर मागू तसतसा आणते आणि तोवर फाइल उघडीच ठेवते, त्यामुळे वाचलेली फाइल त्याच प्रोग्रॅममध्ये लगेच लिहायला गेले की ती व्यग्र असल्याची चूक येते. शेकडो फाइलींचे यादीकरण करणाऱ्या प्रोग्रॅमला हे परवडत नाही. एचएसएफएमच्या पायाशी बाइटस्ट्रिंग असल्यामुळे आणि काटेकोर मूल्यमापन हे ठरवून घेतलेले धोरण असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

पाथ बाइटांच्या रूपात ठेवण्याचा विचार पुढे हॅस्केलच्या मुख्य फाइलपाथ लायब्ररीतही आला. २०२२ सालच्या १.४.१००.० या आवृत्तीपासून तिच्यात 'ओएसपाथ' हा स्वतंत्र टाइप आहे, तो विंडोजवरही चालतो, आणि आज नवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्याने आधी त्याच्याकडे पाहावे असे मी सुचवीन. मुळापासूनचा आणि सापेक्ष यांतला फरक मात्र ओएसपाथ टाइपमध्ये ठेवत नाही, म्हणून जोडणीचा तो जुना खड्डा तिथे कायम आहे.

रोजच्या वापरासाठी मी फाइल मॅनेजर बदललेला नाही. एचएसएफएमच्या मांडणीवरून मात्र माझा बॅकअपचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला: पाथसाठी एचपाथ, कॉपीसाठी स्ट्रिक्ट पद्धत, चुका शेवटी एकत्र. नेम्ड पाइपवर अडकू नये म्हणून उघडून मग प्रकार तपासणाऱ्या ओळी मला स्वतः घालाव्या लागल्या, आणि वगळलेल्या वस्तूंची यादीही तो आता दर वेळी छापतो. पहिल्याच खेपेला तिच्यात एक सॉकेट आणि छायाचित्रांच्या जुन्या फोल्डरकडे जाणारी एक तुटलेली सिमलिंक निघाली.